कानापासून तोंडापर्यंत

माणसाच्या कानापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत मोजले तर जेमतेम अर्धी वीत भरते. पण हेडफोन घ्यायला दुकानात जावे, तर हीच अर्धी वीत चांगली महाग पडते. गाणी ऐकण्याचे साधे, बऱ्या आवाजाचे हेडफोन पुष्कळांच्या घरी असतात. मात्र तोंडापुढे येणारी काडी आणि काडीच्या टोकाला माइक असलेला संच हवा म्हटले, की पुन्हा नव्याने खिशात हात घालावा लागतो. ती काडी आणि तो माइक घरच्या घरी कसा करावा, आणि मुख्य म्हणजे तो चालतो कसा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगायचे आहे.

कलाशाखेच्या अंकात हे तारा-पिनांचे पुराण कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आपला सारा व्यवहार बोलण्याचा. २०२० साली महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले, तेव्हा वर्गावर्गांतून एक गोष्ट दिसून आली. विद्यार्थ्याला उत्तर येत असे, तो ते देतही असे. पण पलीकडे पोहोचत असे ती मिक्सरची घरघर, शेजारच्या टीव्हीवरची मालिका, आणि ह्या साऱ्याच्या तळाशी, विहिरीतून आल्यासारखा त्याचा आवाज. तोंडी परीक्षेत परीक्षक दोनदा ‘काय?’ म्हणत आणि तिसऱ्यांदा पुढच्या क्रमांकाकडे वळत. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली तो हुशार ठरला. ज्याचे सहा जणांचे बिऱ्हाड एका खोलीत तो मुका ठरला. साथ ओसरली, पण पडद्यावरच्या मुलाखती, चर्चा, दूरच्या अभ्यासकांची व्याख्याने मागे राहिली. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारे, बोलींचे नमुने गोळा करणारे, आजीच्या तोंडच्या ओव्या टिपून ठेवणारे आपल्यापैकीच असतात. ह्या सर्वांना स्वतंत्र खोली देणे आपल्या हाती नाही. माइक तोंडाजवळ आणणे मात्र आहे.

तोंडाजवळ आणल्याने एवढे काय साधते? ध्वनी उगमापासून जसजसा दूर जातो तसतसा तो पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौपटीने घटते. उलट अंतर निम्मे केले की ती चौपट होते. समोरच्या टेबलावरचा मोबाइल तोंडापासून ४८ सेंटिमीटरवर आहे असे धरू. माइक तिथून २४ वर, मग १२ वर, मग ६ वर आणि शेवटी ३ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर चार वेळा निम्मे झाले. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट, चौसष्ट चोक दोनशे छप्पन्न. म्हणजे ढोबळ हिशेबाने आपला आवाज माइकला २५६ पट तीव्रतेने मिळाला. मिक्सर मात्र जिथे होता तिथेच आहे. तो माइकला पूर्वी ऐकू येई तितकाच आताही येतो. बोलणारा ओरडत नाही, घरातले कोणी गप्प बसत नाही, आणि तरी पलीकडच्या माणसाला वाटते की आवाज शांत खोलीतून येत आहे. महागड्या लॅपटॉपचा माइक हातभर अंतरावरून जे करू शकत नाही, ते दहा-वीस रुपयांचा माइक ओठाच्या कोपऱ्यापाशी बसून करतो. माझ्या मते माइकच्या विषयात जाणण्यासारखी पहिली गोष्ट हीच. बाकीचे सारे तपशील आहेत.

पण तपशीलही मोठे गमतीचे आहेत. हेडफोन हा स्वतःच एक माइक असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या आत एक पातळ पडदा, पडद्याला चिकटलेले तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक असते. वेटोळ्यातून वीज सोडली की पडदा हलतो व आवाज निघतो. उलट पडद्यावर बोलले, की वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यात क्षीण वीज उत्पन्न होते. टेबलावरच्या संगणकाला मागे हिरवे व गुलाबी अशी दोन भोके असतात. हिरवे ऐकण्याचे, गुलाबी बोलण्याचे. हेडफोनची पिन गुलाबी भोकात घालून त्याच्या कानवाटीत मोठ्याने बोलून पाहावे, अंधुक का होईना पण आवाज उमटतो. १८७७ साली ग्रॅहॅम बेलचे टेलिफोन पहिल्याने व्यवहारात आले, तेव्हा त्यांत हीच युक्ती होती. बोलण्याचे आणि ऐकण्याचे यंत्र एकच. बोलून झाले की तेच उचलून कानाशी धरायचे. हे फार दिवस चालले नाही, कारण अशा रीतीने निघणारी वीज फार दुबळी. लवकरच एडिसन, ह्यूज आदी मंडळींनी कोळशाच्या कणांचा माइक काढला आणि बोलणे एकीकडे व ऐकणे दुसरीकडे अशी वाटणी झाली. आणि घरगुती कारागिरीला कमी लेखणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : १९१० साली अमेरिकेच्या नौदलाने जे हेडफोन विकत घेतले, ते नॅथनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात बनवले होते.

आपल्याला जो माइक हवा आहे त्याला बाजारात ‘कंडेन्सर माइक’ म्हणतात. (‘ध्वनिग्राहक’ हा पारिभाषिक शब्द चांगला आहे, पण तो सांगून दुकानदार काही काढून देईल अशी आशा नको.) पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि इतरत्र इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणारे कोणतेही दुकान ह्या कामाला पुरते. सदऱ्याच्या बटणाएवढी, सुमारे एक सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची डबी; तिच्या एका तोंडाला काळे कापड, दुसऱ्या तोंडाला दोन ठिपके. तीसुद्धा विकत घ्यायची नसेल तर घरातली अडगळ धुंडाळावी. जुन्या कॅसेट-रेकॉर्डरच्या कडेला ज्या बारीक जाळीपुढे आपण लहानपणी गाणी म्हटली त्या जाळीमागे बहुधा हीच डबी असते. बटणे दाबण्याच्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्येही असते. चकती फिरवण्याच्या काळ्या टेलिफोनात मात्र कोळशाचा माइक असतो, तो ह्या कामी निरुपयोगी. आणि मोबाइलबरोबरचे जे इअरफोन निकामी म्हणून आपण फेकतो, त्यांची तार बहुतेक वेळा कानाजवळ किंवा पिनेजवळ तुटलेली असते. तारेच्या मध्यावरची माइकची इवलीशी डबी जिवंतच असते.

ह्या बटणाची रचना पाहण्याजोगी आहे. आत दोन पातळ चकत्या एकमेकींना न टेकता समोरासमोर बसवलेल्या असतात. त्यांतली एक म्हणजे आवाजाने थरथरणारा पडदा. दोन चकत्यांवर विद्युत्भार साठवला आणि त्यांतले अंतर कमीजास्त केले, की त्यांच्यामधला विद्युत्दाब बदलतो. बेलच्याच परंपरेतील कंपनीत वेंट ह्यांनी १९१६ च्या सुमारास ह्या तत्त्वावर माइक केला होता. पण चकत्यांवर भार ठेवायला बाहेरून मोठ्या दाबाची वीज पुरवावी लागे, म्हणून तो प्रयोगशाळेत व ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच राहिला. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट ह्या दोघांनी ही अडचण दूर केली. लोखंडात जसे चुंबकत्व कायमचे मुरवता येते, तसा काही प्लॅस्टिकांच्या पातळ पापुद्र्यांत विद्युत्भार मुरवून ठेवता येतो. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. त्यांनी पडदाच टेफ्लॉनच्या पापुद्र्याचा केला. बाहेरून मोठा दाब पुरवण्याची गरज संपली आणि माइक बटणाएवढा झाला. हल्लीच्या मोबाइलच्या पोटात ह्यापेक्षाही लहान, सिलिकॉनवर कोरलेला माइक असतो. परंतु घरी झाळकाम करणाऱ्याच्या बोटांना हे बटणच सोयीचे.

तरीही ह्या बटणाला थोडी वीज लागतेच. पडद्याची हालचाल फार नाजूक, म्हणून डबीतच एक छोटा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, आणि त्याचे पोट भरावे लागते. मोबाइल आणि संगणक ही वीज माइकच्या तारेतूनच देतात, साधारण दोन-अडीच व्होल्ट. ज्या तारेतून वीज येते त्याच तारेतून आवाज परत जातो, हे ऐकून नवखा बुचकळ्यात पडतो. अंगणातल्या नळाला रबरी नळी लावून टोकाशी बोटाने कमीजास्त दाबून पाहावे. पाणी एकाच दिशेने वाहते, पण बोटाच्या प्रत्येक हालचालीने नळीतला दाब बदलतो, आणि नळाशी उभा असलेला माणूस नळीवर हात ठेवून ती हालचाल ओळखू शकतो. ट्रान्झिस्टर म्हणजे ते बोट, आणि नळाशी उभा असलेला माणूस म्हणजे मोबाइल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बटणाच्या पाठीवरच्या दोन ठिपक्यांपैकी एका ठिपक्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत बारीक रेषा गेलेली दिसते. तो ठिपका जमिनीचा, म्हणजे अर्थचा, दुसरा आवाजाचा. ही ओळख पटल्याशिवाय सोल्डरिंगचे इस्त्री तापवू नये, कारण उलटी जोडणी केली तर माइक नीट बोलत नाही आणि डबीला हात लावताच गुणगुण सुरू होते. तार ‘शील्डेड’ घ्यावी. हिच्यात मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती बारीक तारांचे विणलेले वेष्टण. मधली तार आवाजाच्या ठिपक्याला, वेष्टण जमिनीच्या ठिपक्याला. वेष्टणामुळे घरातल्या दिव्या-पंख्यांच्या विजेची गुणगुण आतल्या तारेपर्यंत पोहोचत नाही. झाळताना टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. फार उष्णतेने प्लॅस्टिकात मुरवलेला भार उडून जातो आणि मग ते बटण फक्त सदऱ्यालाच लावण्याच्या लायकीचे उरते.

काडीसाठी घराच्या वायरिंगमधली एकेरी तांब्याची जाड तार उत्तम. ती हवी तशी वाकते आणि वाकवली तशी राहते. वीस सेंटिमीटरचा तुकडा घेऊन माइकची तार तिच्याबरोबर काळ्या टेपने गुंडाळावी, एक टोक हेडफोनच्या कानवाटीला टेपने किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्याने घट्ट बांधावे, दुसऱ्या टोकाला बटण. पत्र्याची डबी उघडी राहता कामा नये. टेपचा एक वेढा पुरे, तोंडाचे कापड मात्र मोकळे ठेवावे. हेडफोन फोडायचा नाही, भोक पाडायचे नाही. चांगल्या वस्तूची चिरफाड करून तिला दोन कामे शिकवण्यापेक्षा तिच्या शेजारी एक साधी वस्तू बसवावी, असे माझे मत आहे. उद्या माइक बिघडला तरी गाणी तरी ऐकता येतात.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो पिनेपाशी. गाणी ऐकण्याच्या हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळ्या पट्ट्या असतात, म्हणजे धातूचे तीन भाग : टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे, मुळाकडचा भाग जमिनीचा. माइक असलेल्या पिनेवर तीन पट्ट्या, म्हणजे चार भाग. आजच्या बहुतेक मोबाइलांत ह्यांचा क्रम टोकाकडून डावा, उजवा, जमीन आणि माइक असा असतो. काही जुन्या मोबाइलांत शेवटचे दोन उलट होते. म्हणूनच एखादा इअरफोन एका मोबाइलला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही, आणि आपण उगाच दुकानदाराशी भांडतो. साध्या पिनेचा मुळाकडचा भाग लांब असल्यामुळे तो भोकातल्या जमीन व माइक ह्या दोन्ही जागांना एकदम टेकतो. त्यावरूनच मोबाइल ओळखतो की ह्या पाहुण्याला तोंड नाही, आणि स्वतःचा माइक चालू ठेवतो.

दोन वाटा आहेत. एक, हेडफोनची पिन कापून चार भागांची नवी पिन झाळणे. दुसरी, माइकच्या तारेला स्वतंत्र पिन लावणे आणि हेडफोनची पिन व माइकची पिन ह्या दोहोंना मोबाइलच्या एका भोकात नेणारी दुतोंडी जोडणी विकत आणणे. दुसरी वाट थोडी गबाळी दिसते, तारा लोंबतात. पण मी तीच सुचवीन. हेडफोनच्या तारा केसाएवढ्या बारीक असतात आणि त्यांवर लाखेसारखा लेप असतो, तो जाळून काढल्याखेरीज सोल्डर धरत नाही; पहिल्याच प्रयत्नात हे काम जमेलच असे नाही. हिरव्या-गुलाबी भोकांच्या संगणकाला तर जोडणीचीही गरज नाही. तिथे माइकसाठी साधी तीन भागांची पिन घ्यावी, टोक आणि मधले कडे एकत्र करून त्यांना आवाजाची तार लावावी, आणि मुळाला वेष्टण. ज्या मोबाइलांना गोल भोकच उरलेले नाही त्यांना चार्जिंगच्या भोकात बसणारे अडॅप्टर लागते. ते घेताना माइक चालणारे आहे ना, हे विचारून घ्यावे.

पिन कापण्याचे धाडस ज्यांना करायचेच आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कानवाटीपाशीही जमिनीची तार असते, आणि माइकची जमीन तिथेच जोडून टाकण्याचा मोह होतो; एक तार वाचते. तो मोह आवरावा. कानात वाजणाऱ्या आवाजाची सगळी वीज त्या बारीक तारेतून परतत असते. तीच तार माइकलाही दिली, तर ह्या परतणाऱ्या विजेचा थोडा अंश माइकच्या आवाजात मिसळतो आणि पलीकडच्या माणसाला स्वतःचेच बोलणे मागाहून ऐकू येऊ लागते. तो वैतागतो, आपल्याला काहीच कळत नाही. म्हणून माइकची जमीन वेगळ्या तारेने थेट पिनेपर्यंत न्यावी.

एवढे झाले की माइक बोलू लागतो; मात्र तो कुठे बोलतो ह्याला महत्त्व आहे. ओठांच्या अगदी समोर ठेवला तर प, फ, ब, भ ह्या वर्णांशी त्याचे जमत नाही. व्याकरणात आपण ह्यांना ओष्ठ्य म्हणून शिकतो : ओठ मिटतात, आत हवा कोंडते, आणि ओठ उघडताच ती झटक्याने बाहेर पडते. महाप्राण वर्णांत हा झोत आणखी जोराचा. कानाला तो जाणवत नाही, कारण समोरच्याचा कान दूर असतो. ओठांशी बसलेल्या पडद्यावर मात्र तो थपडेसारखा आदळतो आणि ‘भाषा’ म्हटले की भडका उडतो. म्हणून बटण ओठाच्या कोपऱ्याच्या किंचित बाहेर, गालाजवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवावे. झोत समोर निघून जातो, आवाज मात्र सर्व बाजूंना पसरत असल्यामुळे मिळतोच. वर भांडी घासण्याच्या नव्या मऊ स्पंजाची छोटी टोपी चढवली की उरलेली थप्पडही विरते.

दुसरे टोक स आणि च ह्यांचे. जुन्या टेलिफोनच्या मार्गातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी जात. ‘स’चे बरेचसे अंग ह्याच्या वरचे, म्हणून टेलिफोनवर नाव सांगताना ‘ससा’तला स की ‘फणसा’तला फ, असे सांगावे लागे. आपले बटण ह्याच्या कितीतरी वरचे ध्वनी टिपते. बोलींचा अभ्यास करणाऱ्याला ह्याचे मोल अधिक. ‘चार रुपये’मधला च तालव्य, ‘गुरांना चार’मधला च दंततालव्य, लिहिताना दोन्ही एक, आणि हा फरक उंच स्वरांच्या त्या घर्षणातच असतो. दूर ठेवलेल्या माइकवर तो खोलीच्या घुमण्यात बुडतो.

मात्र जवळचा माइक सर्वत्र योग्यच, असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी पुढे ध्वनिमुद्रितही झाल्या. तिथे जात्याची घरघर हा गोंगाट नव्हे. ओवीची लय तिच्यावरच चालते. अशा वेळी म्हणणारीच्या गालाला काडी चिकटवू नये. हेडफोनपासून काडी सोडवून ती जाते आणि तोंड ह्यांच्या मध्ये, हातभर अंतरावर धरावी, आणि हेडफोन आपल्या कानाला लावून दोन्ही आवाज कसे मिळतात ते ऐकून घ्यावे. घरी केलेल्या माइकचा हा एक फायदाच. विकतच्या पुष्कळ संचांची काडी सुटत नाही.

तपासणीसाठी मोबाइलच्या रेकॉर्डरवर नेहमीच्या आवाजात एक वाक्य म्हणून पाहावे : ‘फणसाच्या फांदीवर बसून भारद्वाज पक्षी चारी दिशांना सारखा पाहत होता.’ फ-भ वर भडका उडाला तर बटण गालाकडे सरकवावे. स-च बोथट वाटले तर स्पंज जाड झाला आहे किंवा टेप तोंडावर आली आहे. गुणगुण असेल तर डबीच्या पत्र्याला बोट लावावे. वाढली तर ठिपके उलटे झाले आहेत, तशीच राहिली तर वेष्टण कुठेतरी सुटले आहे. मध्येच रेकॉर्डिंग थांबते वा गाणे आपोआप सुरू होते, तर तारेचे दोन पदर कुठेतरी एकमेकांना शिवत आहेत. इअरफोनवरचे बटण दाबले की नेमके हेच दोन पदर जुळतात आणि मोबाइलला ती आज्ञा वाटते. आणि काहीच ऐकू आले नाही, तर मल्टिमीटर हाती घेण्याआधी पिन पूर्ण आत गेली आहे की नाही ते पाहावे. मोबाइलला जाड कव्हर असेल तर ती पुष्कळदा गेलेली नसते.